गाडी होऊन राहिली

११ जानेवारी १९५९

थर्ड गिअरला आवाज! काल नव्हता. काल वलगावपर्यंत जाऊन आलो तर इंजिन कसं मऊ चाललं होतं, आणि आज राजापेठेत वळताना खालून घुर्रर्र. दुसऱ्या कुणाला ऐकू येणार नाही. मला येतो.

जेवताना लक्ष नव्हतं. प्रमोदिनीनं दोनदा विचारलं, "भात वाढू का?" मी म्हणालो, "बेअरिंग असेल." बाबा खो खो हसले. ही हसली नाही.

१२ जानेवारी

कोर्टात बाबांच्या मागे फाइली धरून उभा. मोरोपंत वकिलांचे चिरंजीव — पस्तिशी आली तरी लोक मला याच नावानं ओळखतात. उद्धव म्हणून कुणी हाक मारली तर मीच दचकेन. गमत नाही. कोर्टात गमत नाही, घरी गमत नाही. गाडीखाली आडवा झालो की बरं वाटतं, पण तिथंही घटकाभरच. मग वाटतं, दुसरंच काहीतरी बिघडलं असणार.

१४ जानेवारी

संक्रांत. हाताला ग्रीस, म्हणून प्रमोदिनीनं तिळगूळ तोंडात घातला. म्हणाली, "गोड बोलायचं राहू दे, नुसतं बोला तरी." मी बोलणार होतो. तेवढ्यात गाडीतला पेट्रोलचा पंप टिकटिक करायला लागला. टाकीत पेट्रोल असताना कशाला टिकटिकतो भैताड? बघायला गेलो.

१७ जानेवारी

खुशालराव मिस्त्री बॅटरी चार्ज करून घेऊन आले आणि नव्या ट्रकांना जोडतात तशी जोडून मोकळे! या गाडीत सगळं उलटं. प्लसची तार गाडीच्या अंगाला आणि मायनस वर. मी ओरडलो. ते म्हणाले, "अजी वकीलसाहेब, साहेब गेला अन् उलटा कायदा तुमाले देऊन गेला!" दोघंही हसलो. डायनामो वाचला, देवाची कृपा.

पाच वर्षं आम्ही दोघं या एम.जी.ला भिडलो आहोत. अकोल्याच्या जिनिंगमध्ये सरकीच्या पोत्यांखाली सापडली होती. गोऱ्या साहेबाची, साहेब विलायतेला परत गेलेला. दोन सीटा, लांबच लांब नाक, तारांची चाकं. पत्र्याखालचा लाकडी सांगाडा वाळवीनं पार खाल्लेला. परतवाड्याहून सागवान आणून नवा केला, तर तो इतका वजनदार झाला की दारं लटकायला लागली. ती परत तासली. नटांची डोकी इंग्रजी मापाची आणि आटे भलत्याच मापाचे. कुठलाच पाना धड लागत नाही. खुशालराव म्हणतात, ही गाडी नाही, भांडकुदळ बाई आहे. मला तर तिचं भांडण आवडतं. गप्प बसली की भीती वाटते.

१९ जानेवारी

अकोल्याच्या मुलींच्या शाळेतून प्रमोदिनीला बोलावणं आलं! संस्कृतच्या बाई सोडून गेल्या, १६ फेब्रुवारीला येऊन भेटा. अर्ज कधी केला हेच मला माहीत नव्हतं. "सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही गाडीखाली होतात, 'हं' म्हणालात."

मग हळूच म्हणाली, "मला सोडाल? आपल्या गाडीतून?" आपल्या! आठ वर्षांच्या संसारातली ही पाच वर्षं तिच्या तोंडी कायम 'तुमची गाडी'. मी म्हणालो, सोडतो म्हणजे काय, शाळेच्या दारात उतरवतो. ती म्हणाली, "एवढं एकदा करा हं. मला बाकी काही नको." एकदम लहान मुलीसारखी दिसली.

२८ जानेवारी

रोज विचारते, "झाली का?" मी म्हणतो, "होऊन राहिली." आज चिडली. "तुमच्याकडे सगळं होऊनच राहिलेलं असतं! जेवून राहिलो, येऊन राहिलो, करून राहिलो. झालं, संपलं, असं तुम्ही लोक म्हणता तरी का कधी?" पुण्याची आहे. आमच्या बोलीत 'होऊन राहिली' म्हणजे होते आहे, काम सुरू आहे, हे तिला काय कळत नाही? चांगलं कळतं. पण चिडली की पुणं बाहेर येतं.

बाबा ओसरीवरून म्हणाले, "सूनबाईचा मुद्दा मान्य. पुढची तारीख द्या."

७ फेब्रुवारी

कार्बोरेटर दोन्ही उघडून, धुऊन, बसवले. रंगाचा शेवटचा हात दिला. हिरवा. खुशालराव म्हणाले, "आता हात नका लावू बावा. चालून राहिली, चालू द्या."

१० फेब्रुवारी

संध्याकाळी दोघं बडनेऱ्यापर्यंत. टप खाली पाडला होता. तिनं पदर घट्ट गुंडाळला होता, तरी सुटून फडफडत होता. इतकी हसली, इतकी हसली! रस्त्यानं बैलगाडीवाले थांबून बघत होते. म्हणाली, "सोमवारी अशीच जाईन मी. हेडबाईंची छाती दडपली पाहिजे."

मी हो म्हणालो. पण परतताना थर्डला — आहे. आवाज आहे. मेला नाही.

१३ फेब्रुवारी

नाही उघडणार. सोमवारनंतर उघडीन. साठ मैल तर जायचं आहे. आवाज काही गाडी अडवत नाही.

१४ फेब्रुवारी

उघडली.

सीटा काढल्या, पायाखालच्या फळ्या काढल्या, गिअरबॉक्स बाहेर. बाबा कोर्टातून आले, बघत उभे राहिले. "परवा जायचंय तिला! काहून खोललं रे?" काय सांगू काहून? मूर्तिजापूरजवळ बंद पडली असती आणि ही नव्या साडीत रस्त्यावर उभी राहिली असती तर? असं म्हणालो. अर्धं खरं आहे. बाकीचं अर्धं हे की मला राहवलं नाही.

१५ फेब्रुवारी

बेअरिंग काढताना तुटलं. कपाळ माझं!

प्रमोदिनी साडीला इस्त्री करत होती. निखाऱ्यांची राख फुंकत होती. मी दारातूनच सांगितलं, "होऊन राहिलं. सकाळी खुशालरावांकडे जुनं एक बेअरिंग आहे ते बसवतो, दहापर्यंत निघू." तिनं वर पाहिलं नाही. "बरं," म्हणाली. नुसतं बरं. भांडली असती तर चाललं असतं.

१६ फेब्रुवारी

पहाटेच खुशालरावांकडे गेलो. बेअरिंग बसेना. ठोकून, घासून बसवलं तोवर बारा वाजले. पळत घरी आलो तर दाराला कडी. बाबा कोर्टात. ओट्यावर वलगावची तानुबाई भाजीची टोपली घेऊन बसलेली. म्हणाली, "भाऊ, बाई सांगून गेल्या — मी अकोल्याले जाऊन राहिली म्हणा."

हुश्श! म्हणजे गाडीसाठी खोळंबली नाही, सर्व्हिस मोटारनं गेली. बरंच झालं. भेटून संध्याकाळी येईल, रागावलेली असेल, समजूत काढू. तेवढ्यात गिअरबॉक्स चढवून टाकावा. तानुबाईकडून वांगी घेतली. हिला भरली वांगी आवडतात.

संध्याकाळची शेवटची मोटार गेली. ही आली नाही. चुकली असेल.

१७ फेब्रुवारी

आज येईल. क्लच जोडला.

१८ फेब्रुवारी

बाबांनी सकाळी विचारलं, "सूनबाईची ट्रंक कुठंय?"

ट्रंक नाही. वळकटी नाही. फडताळातली तिची संस्कृतची पुस्तकं नाहीत. दोन दिवस मी त्याच खोलीत झोपलो आणि मला दिसलं नाही! बाबांना ओसरीवरून दिसलं.

तानुबाई आली तशी बाबांनी तिला बसवून घेतलं आणि सरळ उलटतपासणी सुरू केली.

"बाईंचे शब्द सांग. तुझे नको, त्यांचे."

"तेच त सांगतलं जी. अकोल्याले जाऊन राहिली."

"त्या पुण्याच्या. त्या 'राहिली' म्हणतील का?"

तानुबाईनं डोकं खाजवलं. "तसं त त्या... जाऊन राह्यते म्हने का काय. हाव. 'सांग त्यांना, मी अकोल्याला जाऊन राहते.' एकच झालं नं? पुन्याच्या बाईचं मी आपल्या बोलीत सांगतलं. भाऊले समजावं म्हून."

बाबांनी तिला चहा द्यायला सांगितलं. द्यायला होतं कोण? मीच केला.

जाऊन राहिली म्हणजे जाते आहे, परत येईल. जाऊन राहते म्हणजे तिथंच राहायला गेली. तानुबाईचा काय दोष! ती गरीब आपल्या बोलीतच बोलणार. मला जे ऐकायला सोयीचं होतं ते मी ऐकलं आणि वांगी घेऊन आत आलो.

१९ फेब्रुवारी

बाबा म्हणतात, आजच्या आगगाडीनं जा, बडनेऱ्याला बदल. जात नाही. काय तोंड घेऊन जाऊ? 'चल' म्हणू? कशाला येईल ती? इथं काय आहे? ओसरीवर सासरा आणि शेडमध्ये नवऱ्याचे पाय.

घर खायला उठतं. आठ वर्षांत ती घरात आहे हे मला कधी ऐकू आलं नाही. आता नाही, तर कप विसळल्याचा आवाजसुद्धा नाही हे ऐकू येतं.

२१ फेब्रुवारी

गाडी जोडून झाली. खुशालराव आणि मी राजापेठेत फेरी मारली. थर्डला घुर्रर्र. तस्साच! बेअरिंग बदलून काडीचा फरक नाही. हात शिवशिवायला लागले. खुशालरावांनी माझ्याकडे पाहिलं आणि पान्यांची पेटी उचलून स्वतःच्या सायकलला बांधली. "हे मी घेऊन जातो. तुमी अकोल्याहून आले का नेजा."

त्यांना कुणी सांगितलं? सगळ्या राजापेठेला माहीत असेल.

२२ फेब्रुवारी, अकोला

आलो. साठ मैल. मूर्तिजापूरपर्यंत कान त्या आवाजावर. पुढं ठरवलं की आपण कान द्यायचा नाही, तर मोठ्यानं गात सुटलो. काय गात होतो कुणास ठाऊक. बोरगावला पोरं मागे धावली. धुळीनं हिरवी गाडी मातकट झाली.

शाळेच्या रखवालदाराला विचारलं. बाई रुजू झाल्या, मागच्या गल्लीत खोली. प्रमोदिनी दारात तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं. मी एवढं पाठ करून आलो होतो, एक शब्द आठवेना. म्हणालो, "आवाज गेला नाही." ती म्हणाली, "या आत. पाय धुवा."

पिठलं-भाकरी केली. 'परत चल' मी म्हणालो नाही. 'का आलात' ती म्हणाली नाही. शाळेतल्या मुलींची नावं सांगत राहिली, कोण हुशार, कोण गप्पिष्ट. इतकं बोलते ही! मी पूर्ण ऐकलं. शेवटी विचारलं, "उद्या सकाळी तुला शाळेत सोडू? गाडीतून?" तिनं वळकटी सोडली. म्हणाली, "दमला आहात. झोपा."

किल्ली खुंटीला लावली आणि आडवा पडलो.

२३ फेब्रुवारी, अकोला

उठलो तर उन्हं दारात. खोलीत कुणी नाही. खुंटीवर किल्ली नाही. बाहेर गाडी नाही! अनवाणी गल्लीत धावलो. समोरच्या गंगूबाई अंगण झाडत होत्या. त्यांना म्हणालो, "गाडी कुणी नेली?"

"कोन म्हंजे? मास्तरीणबाईनं. शाळेत घेऊन गेल्या नं! गल्लीतून अशी नीट काढली, भितीले घासली नाही. म्या इचारलं, बाई, तुमाले येते? त म्हने, पुन्याले मामानं शिकवली होती, लग्नाच्या आधी."

झाडू थांबला. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "अवो, तुमाले मालूम नाही?"

ओट्यावर बसून आहे. शाळा पाचला सुटते म्हणे.