राजीच्या ड्रमातली जनावरं

सोमवार, २ फेब्रुवारी
नात राजनंदिनी एम.टेक. करतीया. पर्यावरणाचं इंजिनियरिंग. एवढं शिकून काय, तर परसात ड्रम अन् ड्रमात गटाराचा गाळ. त्यात म्हणे डोळ्याला न दिसणारे जीव हायत. डेअरीत भांडी धुतलेलं घाण पाणी ते खातात, मग पाणी नितळ होतं. त्याचे आकडे चांगले आले की यंदा डिग्री, अन् जूनपासून पुण्यात नोकरी.
उद्या ती सर्व्हेसाठी वारणानगरला. शनिवारी येणार. बजावून सांगितलं, आज्जी, रोज सकाळी कॅनमधलं घाण पाणी तांब्याभर. बाकी कशाला हात लावायचा न्हाय.
म्हटलं, आगं, म्हशी सांभाळल्यात मी. न दिसणारी जनावरं काय जड हायत?
ठरवलं: हात लावायचा न्हाय.

मंगळवार, ३
तांब्याभर घातलं. बास.
शेजारची धोंडुबाई वाकून बघून गेली. म्हणाली, आक्का, मेलीत काय गं? तिच्या तोंडाला दार न्हाय.

बुधवार, ४
रात्रभर विचार केला. कामाच्या जनावराला नुसत्या धुणवणावर ठेवणं पाप. म्हैस आंबोण खाल्ल्याबिगर धार देत न्हाय, अन् ही तर पोरीची डिग्री देणार. सरकी पेंड भिजवून वाटीभर घातली. वर गुळाचा खडा.
हात लावला न्हाय. पळीनं घातलं.

गुरुवार, ५
फेस! पार काठापर्यंत. चरवीत धार पडल्यावर येतो तसा. अंगाला लागलंय जनावरांच्या. धोंडुबाईला मुद्दाम बोलावून दाखवला. नाकाला पदर लावून म्हणाली, उतू चाललंय की हे. जळती मेली.
दुपारी आणखी एक वाटी.

शुक्रवार, ६
वास येतोय. जरासा. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंतच.
तेवढ्यात राजीचा फोन. तिचे गाईड सोमशेखर सर उद्या ड्रम बघायला येणार. पावणं येणार अन् घर असं? गोठ्यात टाकतो तसं फिनेल टाकलं. अर्धी बाटली. पाणी दुधासारखं पांढरं झालं. आमच्या धंद्यात ह्याला चांगलंच म्हणतात.

शनिवार, ७
सर उभी दुर्बीण घेऊन आले. थेंब काचेवर ठेवून लई वेळ वाकले. म्हणाले, काहीच हलत नाही. मी समजावलं, पोट भरल्यावर रवंथ करत बसलीत. सरांनी फिनेलच्या बाटलीकडं बघितलं. राजीनं बी बघितलं. आज्जी, हे कुणी टाकलं? म्हटलं, धोंडुबाईवर लक्ष ठेवायला पायजे.
सर म्हणाले, आकडे गेले. सोमवारी नवे जीव आणून ड्रम चालू केला तर जूनपर्यंत जमेल. न्हायतर डिग्री डिसेंबरात, अन् नोकरीवाले थांबणार न्हाईत.
राजी रडली न्हाय. माझ्यावर गेलीया. पण फिनेलची बाटली कपाटात ठेवून कुलूप लावलं, हे जरा जास्त झालं.
ठरवलं: फिनेलची कंपनी बदलायची.

सोमवार, ९
सांडपाण्याच्या केंद्रावर गाळ आणायला गेलतो दोघी. येताना रिक्षात बादली माझ्या मांडीवर. शनिवारपास्नं राजी आज पहिल्यांदा बोलली. झाकण धर, बाकी कायबी करू नको. धरलं. मग वाटलं, कोंडलीत बिचारी, जरा वारं लागू दे. तेवढ्यात खड्डा.
रिक्षावाल्यानं निम्म्या वाटेत उतरवलं. चालत आलो. लोक बाजूला होऊन वाट देत होते. कोल्हापुरात म्हाताऱ्या माणसाला अजून मान हाय.
घरी आल्यावर राजीनं मला न्हाणीत जाऊ दिलं न्हाय. घासूनपुसून ठेवलेल्या ड्रमापाशी उभी केली अन् माझं लुगडं त्यात पिळून घेतलं. पार शेवटच्या थेंबापर्यंत.