म्हाताऱ्याची बर्फावरची पेटी

२० सप्टें., शनि.
शेजारचा योनास पेटी ठेवून गेला. लिथुआनियात तळं गोठलं की बर्फाला भोक पाडून मासे धरतात, तेव्हा बसायची पेटी. आत गळ-दोरा, खाली घसरायला दोन लाकडी पट्ट्या. एक मोडलेली. त्याच्या वडिलांच्या हातची. ते ऐंशीच्या पुढचे, यंदा शेवटचं बर्फावर जायचंय, तेही याच पेटीवर बसून. दुरुस्तीत स्क्रू दिसला तर बसणार नाहीत म्हणे. मी इथल्या आयरिश लोकांसारखं 'ग्रँड' म्हणून मोकळा झालो. रोज कारखान्यात हृदयाचे स्टेंट बनवतो, पेटी काय चीज आहे!

२१, रवि.
चीज आहे. एक खिळा नाही, सगळे सांधे एकमेकांत अडकवलेले. म्हातारा वस्ताद. पट्टीचं टोक वर वळलेलं. सरळ फळीतून तसं कापलं, नेमकं वळणावर कट्‌कन तुटलं.

२७, शनि.
शेडमध्ये लेकीची, इराची मोडकी हर्ली, म्हणजे कमोगी या आयरिश खेळाची काठी. अ‍ॅशचं लाकूड, रेषाच वळणाबरोबर वळलेल्या. कापली, रंधा मारला, लाकडी खुंट्या ठोकल्या. वर उभा राहून उड्या मारल्या. ढिम्म! "बाबा, दॅट्स क्लास." पोरीला एरवी माझं काहीच क्लास वाटत नाही.

१ ऑक्टो., खंडेनवमी
रंधा, पटाशी, करवत मांडली. शेजारी पेटी. सगळ्यांना हळदकुंकू. झाकण घासून कोरं केलेलं, तेल लावायचं बाकी, हे डोक्यातच नाही. हळद मुरली. साबण, लिंबू, कशानेच डाग जाईना.
बायको मीरा : "आधी तेल, मग पूजा. इंजिनियर ना तू?"

४, शनि.
योनासला दाखवलं. खंडेनवमीला हत्यारांना विश्रांती, त्यांचे आभार, वगैरे सांगितलं. त्याने डागावरून बोट फिरवलं.
"आणखी घासू?"
"नको. बाबांच्या रंध्याच्या खुणा जातील. बघू काय म्हणतात."
जवसाचं तेल लावलं. डाग जास्तच उठून दिसतोय. पण पेटी काय दिसतेय! चारदा शेडमध्ये जाऊन बघून आलो.

१० जाने., शनि.
योनासचा व्हिडिओ कॉल, थेट लिथुआनियातल्या तळ्यावरून. म्हाताऱ्याने आधी पेटी उलटी केली. नवी पट्टी नखाने टोकरली. शोध बाबा स्क्रू! मग सुलटी करून पिवळ्या डागावर अंगठा ठेवला. माझ्याकडे बघत एकच वाक्य बोलला. योनास हसला, डोळे पुसले.
"काय म्हणाले?"
तेवढ्यात भोकातला दोरा हलला. म्हातारा धपकन पेटीवर बसला. पट्टी कुरकुरलीसुद्धा नाही. मी इथे किचनमध्ये छाती फुगवून उभा. फोन कट.
रात्रीचं जेवण झालं, अजून फोन नाही. काय म्हणाला असेल?