चाळीस चकाचक फ्लास्क

३ फेब्रुवारी, सकाळी ७
लॅब असिस्टंटची जागा निघतेय. केमिस्ट्रीच्या मॅडम म्हणाल्या, प्रॅक्टिकल परीक्षेची मांडणी एकट्याने करा. एकही तक्रार आली नाही तर तुमचंच नाव पुढे पाठवते. अठरा वर्षं या लॅबमध्ये काचेची भांडी धुतोय. केमिस्ट्री मला कुणी शिकवली नाही, मुलांनी टाकून दिलेल्या जर्नल्समधून स्वतः शिकलो. संकल्प: रोज पाच गणितं, चार दशांश स्थळांपर्यंत.

४ फेब्रुवारी
गणितं: शून्य. पेन सापडलं नाही.

६ फेब्रुवारी
मुलीची परीक्षाही आमच्याच लॅबमध्ये. तिला टायट्रेशन समजावलं. फ्लास्कमध्ये पिपेटने मोजून दहा मिली अ‍ॅसिड, वरच्या ब्युरेटमधून अल्कली थेंबथेंब सोडायची, फिकट गुलाबी झालं की हात आवरायचा, किती मिली लागली ते रीडिंग लिहायचं. ती म्हणाली, बाबा, माहितीये. माहिती असणं वेगळं, मुरणं वेगळं.

९ फेब्रुवारी
गणितं: दोन. एकाचं उत्तर जुळलं नाही. पुस्तकात छपाईची चूक असावी.
एक शोध लागला. ब्युरेट आणि पिपेट ज्या द्रावणाने भरायची, त्यानेच आधी विसळतात. मग फ्लास्कनेच काय घोडं मारलंय? यंदा फ्लास्कही अ‍ॅसिडने विसळून ठेवणार. असली मांडणी या लॅबने पाहिली नसेल.
जेवताना मुलीला सांगितलं. म्हणाली, फ्लास्क फक्त पाण्याने धुवायचा हो, आत अ‍ॅसिड राहिलं तर रीडिंग वाढतं. म्हटलं, दोन थेंबांनी काय आभाळ कोसळतंय? बायको म्हणाली, कधीतरी तिचं ऐका. विज्ञान मतदानाने चालत नाही.

१२ फेब्रुवारी, सकाळी ६.४०
आज परीक्षा. चाळीस फ्लास्क विसळून झाले. एका रेषेत मांडले, पट्टी लावून.

त्याच दिवशी, दुपारी २
बाहेरून आलेले परीक्षक कपाळाला आठ्या घालून फिरत होते. बरोबर रीडिंग ९.८. सगळ्यांचं साडेदहाच्या पुढे. हल्लीची मुलं कच्ची आहेत, हे मी कधीपासून म्हणतोय.
एकटीचं ९.८ आलं. आमचीच. परीक्षकांनी तिचा पेपर बाजूला काढला. बाप लॅबमध्ये, उत्तर घरूनच आलं असणार, असं म्हणाले. ती म्हणाली, मी फ्लास्क आधी तीनदा पाण्याने धुतला. का, म्हणून विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, सवय आहे.

१३ फेब्रुवारी
मॅडमशी बोलणार होतो. त्यांची मीटिंग होती.

१४ फेब्रुवारी
मॅडम मोकळ्या होत्या. नळाचं पाणी एकदा तपासून घ्यावं, असं सुचवलं. विषयाला तोंड फोडलं, हेही नसे थोडके.
मुलगी जेवली नाही. तिचा निकाल अडकलाय. बायको म्हणाली, तिने तुमचं नाव घेतलं नाही, एवढं लक्षात ठेवा. लक्षात आहे. विसरता येत नाहीये, हीच अडचण आहे.

१५ फेब्रुवारी, सकाळी ११.१०
सांगितलं. फ्लास्क मीच अ‍ॅसिडने विसळले. मॅडमनी विचारलं, किती? म्हटलं, चाळीस. आकड्यात मी कधी चुकत नाही. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, मला एकदा विचारायचं तरी होतंत.

२० फेब्रुवारी
मुलीचा पेपर मान्य झाला. बाकीच्या एकोणचाळीस जणांची परीक्षा पुन्हा. असिस्टंटच्या जागेवर बाहेरचा माणूस येतोय, त्याला भांडी कुठे असतात ते मी दाखवायचं.
सिंकवर आता कागद चिकटवलाय: ‘फ्लास्क फक्त पाण्याने धुवावेत’. अक्षर मुलीचं. मॅडमनी तिच्याकडूनच लिहून घेतला. शेवटी पूर्णविराम राहिला होता. तो मी दिला.