विलासचा डावा गुडघा

पांढुर्णा, रविवार संध्याकाळ, जानेवारी १९८६

आज सौंसर कॉलेजच्या विलासचा खेळ पाहिला. नागपूरच्या कंपनीला बास्केटबॉलच्या संघासाठी उंच खेळाडू हवाय, नोकरीसकट. पारख मी करायची. रामाकोना गावचा हा पोरगा साडेसहा फूट. बास्केटखाली उभा राहिला की समोरच्या दोघांना मिळूनही हलवता येत नव्हता. हात इतके मऊ, की उंचावरून आलेला चेंडू आवाज न करता झेलतो. पण उडी मारून खाली यायचा तो फक्त उजव्या पायावर. डावा गुडघा वाचवत होता.

सामन्यानंतर सरळ विचारलं. आधी हसला, मग म्हणाला, "मागच्या साली मुरगळला होता, सर. डॉक्टर म्हणे खेळणं बंद कर. पण मी खेळून राहिलो ना! तुम्ही कंपनीले नका सांगू."

"अन् तिथं रोज खेळून पाय कायमचा गेला तं?"

"तोवर नोकरी तं पक्की होईन."

तो गुडघा काही डोक्यातून जाईना. गप्प बसावं तर पोरगा लंगडा होईल. सांगावं तर कंपनी नाकारेल, मग त्याला बघायला दुसरं कोण येणार इथवर?

शेवटी ठरवलं. उद्या कंपनीला फोनवर दोन्ही सांगणार: असे हात मी पाहिले नाहीत, आणि आधी पायाचा इलाज करा, मगच खेळवा. त्याला हे सांगायला स्टँडवर गेलो. त्यानं ऐकून घेतलं, "ठीक आहे, सर" म्हणाला, आणि मान वाकवून सौंसरच्या बसमध्ये चढला. खिडकीतून माझ्याकडे पाहिलंही नाही.