मंगळ, गुरू, शनी

मंगळवार, ४

आत्या म्हणते, पुरे आता. हा आठवडा संपला की डायलिसिस बंद!

वजनकाट्यावरून उतरता उतरता म्हणाली. "येताना साबण आण" म्हणावं तितक्या सहज. मूत्रपिंडं गेल्यापासून मंगळ-गुरू-शनी मी तिला दवाखान्यात नेतो, यंत्र तिचं रक्त धुऊन परत देतं. तिचाच विनोद — आपण ख्रिस्ती, पत्रिका बघत नाही, तरी हे तिघे माझ्या राशीला आलेच. बंद केलं तर आठ-पंधरा दिवस, फार तर. तिला ठाऊक आहे. जन्मभर भूगोल शिकवला, रस्ता कुठे संपतो ते तिला विचारावं लागत नाही.

गाडीत भांडलो. ही आत्महत्या आहे, जीव देवाचा आहे, सहावी आज्ञा आहे, खून करू नको — सगळं काढलं.

"मी जीव देत नाहीये, गाढवा. सुईला नको म्हणतेय."

याच वादापायी मी कॉलेज सोडलं! चर्चचा पाळक व्हायला गेलो होतो. नीतिशास्त्राचे सर म्हणाले, मारणं आणि मरू देणं यांत फरक आहे. मी म्हणालो, फरक नाही, पळवाट आहे. शब्दानं शब्द वाढला, पिशवी उचलली, निघालो. आता दुकानात बसून जळक्या पंख्यांच्या मोटारींना तांब्याची तार गुंडाळतो. आणि तोच वाद घरी, जेवणाच्या टेबलावर, चष्मा पुसत बसलाय.

बुधवार, ५

प्रार्थनासभा. आजाऱ्यांची नावं वाचतात, मग सगळे मिळून त्यांच्यासाठी आरोग्य मागतात. आत्यानं पाळकसाहेबांना आधीच बजावलं होतं — "बरं होण्यासाठी माझं नाव घेऊ नका. नीट जाण्यासाठी घ्या." त्यांनी तसंच घेतलं.

माझं डोकं फिरलं. उभा राहून मोठ्यानं म्हणालो, "प्रभू, हिला बरं कर, हिचं काही ऐकू नकोस." सगळ्यांनी डोळे उघडले. एकटी आत्या मिटून होती, खांदे हलत होते. रडतेय वाटलं. हसत होती.

घरी येताना म्हणाली, "देवाला दम देतोस होय रे? तो घाबरला असेल."

गुरुवार, ६

सुईबाई.

आत्यानंच ठेवलंय हे नाव. यंत्र चालवणारी मुलगी. सुई टोचण्याआधी आत्याच्या दंडावर दोन बोटं ठेवते, डोळे मिटते. शस्त्रक्रियेनं जोडलेली शीर आहे तिथे, आत रक्त घुमतं. आत्या त्याला माझी मधमाशी म्हणते. सुईबाई ती मधमाशी ऐकते आणि तिचा चेहरा असा होतो — नाही लिहिता येत.

आज माझ्याशी बोलली. "जरा बाजूला व्हा."

दुकानात दिवसभर तेच कानात. एक मोटार उलटी गुंडाळली. मालक म्हणाले, "वा! हा पंखा आता छताला वारा घालणार."

रविवार, ९

उपासनेनंतर पाळकसाहेब घरी आले. मी तयारच होतो. म्हणालो, आज यंत्र नको म्हणू द्याल, उद्या म्हाताऱ्यांना सुई देऊन मोकळं करायचे कायदे होतील. होतायत. कोण ठरवणार कुणाचं जगणं पुरे झालं ते?

वाटलं, झटकून टाकतील. नाही. कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तुझी भीती खरी आहे. मलाही वाटते. म्हणून तुझ्या आत्याला पहिला प्रश्न तोच केला — तुम्हाला कुणी ओझं म्हटलं का?"

"हा?" आत्या माझ्याकडे बोट करून म्हणाली, "हा मला ओझं म्हणेल? याचे आईबाप गेल्यावर हाच माझ्या कडेवर होता, आणि अजून उतरला नाहीये."

"मग ही ओझं उतरवत नाहीये," पाळकसाहेब मला म्हणाले. "थकलीये. देवानं दिलेला जीव जपायचा, हे खरंच. पण त्यानं हात पुढे केल्यावर मूठ आवळून धरायची, याला मी श्रद्धा नाही म्हणणार."

संतापात तोंडातून गेलं, "मग मी मंगळ-गुरू-शनी जाऊ कुठे?"

आत्यानं माझ्याकडे बघितलं. मग पाळकसाहेबांकडे. त्यांना एकदम कपातल्या चहात फार गोडी वाटू लागली.

मंगळवार, ११

जिंकलो! आत्या सकाळी स्वतःच चप्पल घालून दाराशी उभी. "चल. येते अजून थोडे दिवस."

का, ते सांगितलं नाही. सांगायला कशाला हवं? मुद्दे पटले. सरांना पत्र लिहावंसं वाटतंय.

गुरुवार, १३

नाही पटले.

आत्याच्या शेजारच्या खुर्चीत बसकाका असतात. बस चालवायचे, आता तेही यंत्रावर. आत्या झोपली होती. मी त्यांना माझा विजय ऐकवला. ते बघतच राहिले.

"तुझ्या बोलण्यानं? अरे, ती मला म्हणाली, पोरगा त्या मुलीपुढे तोंड उघडत नाही. आपण यायचं थांबलो तर तो कोणत्या निमित्तानं येणार? तो बोलेपर्यंत येते, मग सुटले."

सुईबाई पलीकडे नळ्या धूत होती. तिला काही माहीत नाही. मी जमिनीकडे बघत बसलो.

म्हणजे मी बोललो, की आत्या जाणार.

आणि नाही बोललो तर—

शनिवार, १५

नाही बोललो.

शेवटी शेवटी आत्याच्या पायात गोळे आले. दातात पदर धरला, ओरडली नाही. सुईबाईनं पोटरी दाबली, मी पाऊल धरलं. आमचे हात अगदी जवळ होते. आत्या घामानं भिजलेली, तरी एक डोळा उघडून माझ्याकडे बघत होती — बोल की, मेल्या.

गप्प राहिलो. मोठा जीव वाचवणारा मी!

रविवार, १६

उपासनेत लक्ष नव्हतं. सरांचा फरक मला कळत नव्हता, तो अजूनही नीट कळत नाही. पण एक तिसरीच गोष्ट आहे, ती वर्गात कुणी काढली नव्हती — जगवणं आणि धरून ठेवणं. लोक प्रेमापायी जीव देतात म्हणे. ही बाई प्रेमापायी परत परत सुई टोचून घेतेय. आणि मी त्याला आज्ञापालन म्हणत होतो.

सोमवार, १७

मोटार नीट गुंडाळली. रात्री आत्याच्या दंडाला कान लावून बसलो. "काय म्हणतेय मधमाशी?" तिनं विचारलं. म्हटलं, काही नाही, गातेय.

मंगळवार, १८

बोललो. आत्याच्या खुर्चीशीच उभा राहून, तिला ऐकू जाईल अशा आवाजात. सुईबाईच्या हातातली पट्टी खाली पडली. मग ती हो म्हणाली, आणि वर, "केवढा वेळ लावलात."

आत्याचे डोळे मिटलेलेच होते. माझा हात चाचपून धरला.

"गुरुवारी तू एकटाच ये हं," म्हणाली.