शिकवणीच्या बाई आज येणार नाहीत

आप्पा,

जयसिंगच्या शिकवणीच्या बाई आज येणार नाहीत. बाई म्हणजे मीच, तुमची मुलगी. जेवण वाढताना पाहिलं असेल. गणित, विज्ञान, इंग्रजी, सगळं त्याला शिकवलं. माझी शाळा तुम्ही नववीनंतर थांबवलीत, लांब पडते म्हणून. त्याला तीच शाळा जवळ पडते; भूगोलात याचं कारण सापडलं नाही.

बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरायला हडपसरला गेलेय. आज शेवटची तारीख आहे. भाकरी झाकून ठेवल्यात. जयसिंगला दहा गणितं दिलीत. तो भाकरीच आधी संपवेल.

फॉर्मवर पालकाची सही लागते. ती आईने केली. तिला सही येते हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. तीही शिकवणी माझीच.

विजयमाला