आठ पिशव्या कणीक

मी, वासुदेव महादेव रिसबूड, वय चौसष्ट, मूळचा पुण्याचा, गेली सदतीस वर्षे राहणार न्युरेम्बर्ग, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डोके शाबूत असल्याची खात्री डॉक्टरीणबाईंनी दिली आहे. हृदयाबद्दल त्या तितक्या ठाम नाहीत. मृत्युपत्र मराठीत चालते, फक्त शब्दन् शब्द स्वहस्ते हवा आणि साक्षीदार लागत नाहीत, असे इथल्या नोटरीने सांगितले. पण साक्षीदारांशिवाय मृत्युपत्र मला मुंडावळ्यांशिवाय नवरदेवासारखे वाटते. म्हणून माझा जुना सहकारी पद्माकर आणि त्याची पत्नी सरिता यांना आज चहाला बोलावले आहे. यापूर्वी मी लिहिलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

१. लांगवासर भागातले राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझा एकुलता मुलगा सत्यजित, राहणार कोलोन, याला मिळावी. स्वयंपाकघरातल्या फडताळाला प्रभाने आतून चिकटवलेला फराळाच्या प्रमाणांचा कागद घर विकताना विसरू नये. प्रभा म्हणजे माझी पत्नी. ती २००१च्या जुलैत गेली.

२. तळघरातली सगळी हत्यारे पद्माकरला द्यावीत. आम्ही दोघांनी एकाच कारखान्यात मालमोटारींच्या आसांवरचा भार मोजण्यात जन्म घालवला. माझे ड्रिल मशीन दहा वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी नेले होते, ते त्याच्याकडेच आहे. तेही आता त्याचेच समजावे.

३. जिरी, वय अकरा, ही कुत्री सरिताकडे राहावी. सरिता तिला चोरून तूप-पोळी घालते हे मला ठाऊक आहे. जिरीचा जोडीदार बाळू दोन वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून ती दाराकडे तोंड करून झोपते, तिला तशीच झोपू द्यावे.

४. माझा वोनवागन, म्हणजे मोटारीमागे जोडायचे चाकांवरचे घर, विकून टाकावा. तो सत्यजितला देऊ नये, दाखवूही नये.

याबद्दल थोडे लिहायला हवे. हा दुसरा वोनवागन. पहिला प्रभासाठी घेतला होता. ती रत्नागिरीची; तीस वर्षे या देशात राहून तिने इथला समुद्र पाहिला नव्हता. मी दरवर्षी पुढच्या वर्षी म्हणायचो. शेवटी २००१ साली आम्ही तिघे आणि दोन कुत्री न्युरेम्बर्गहून थेट उत्तरेच्या किनाऱ्याला निघालो आणि पोचलो नाही. दोन वर्षांनी मी हा जुना वोनवागन घेतला. तेव्हापासून दर जुलैत कुत्र्यांना घेऊन त्याच रस्त्याने समुद्रापर्यंत जातो, दोन दिवस वाळूत बसतो आणि परत येतो. लोकांना वाटते म्हाताऱ्याला छंद लागला. सत्यजितला वाटते बापाला काळीज नाही, नाहीतर त्या उतारावरून पुन्हा गाडी कशी नेली असती. त्याने स्वतः सात वर्षांत मोटारीच्या चाकाला हात लावलेला नाही.

येताना दरवेळी मी कोलोनकडे वळायचे ठरवत असे. एकदा त्याच्या गल्लीपर्यंत गेलोही. एवढे लांबलचक धूड लावायला जागा नाही, असे कारण स्वतःला सांगून परत फिरलो. जागा होती.

५. हे कलम सत्यजितसाठी आहे.

त्या प्रवासात वाट वाकडी करून आपण फ्रांकफुर्टच्या भारतीय दुकानात गेलो. समुद्रावर जाणारा माणूस आठ पिशव्या कणीक घेत नाही; पण इथे असे पीठ मिळत नाही, गाडीत जागा आहे, घेऊन टाकू, असा हट्ट मीच धरला. दहा-दहा किलोच्या आठ पिशव्या. तू त्या वोनवागनच्या मधोमध, बरोबर चाकांच्या आसावर जमिनीलगत रचल्यास आणि पट्ट्यांनी आवळल्यास. मागे वजन गेले की वोनवागन शेपटी हलवायला लागतो, हे मीच तुला लहानपणी खेळण्यातल्या गाडीवर दाखवले होते.

पुढे तासाभराने आपण थांबलो. तू कॉफी आणायला गेलास. मी कुत्र्यांना खायला घालायला वोनवागनमध्ये घेतले, आणि जिरीने एका पिशवीचा कोपरा फाडला. मुक्या जिवाचा काही दोष नाही. मी पट्टे सोडले आणि तिचे तोंड पोचू नये म्हणून आठही पिशव्या उचलून मागच्या पलंगावर ठेवल्या. ऐंशी किलो, अगदी शेवटच्या टोकाला. एकतीस वर्षे मी हेच शिकलो आणि शिकवले होते. तरी ठेवल्या, कारण पुढच्या मुक्कामी पुन्हा खाली घेऊ असे वाटले. तू कॉफी घेऊन आलास तेव्हा मी दार लावून घेतले होते. तुला सांगितले नाही. तू मला चूक दाखवशील आणि मला ती मान्य करावी लागेल, म्हणून सांगितले नाही.

कासेलच्या पुढच्या उतारावर मागचे टोक हलायला लागले. तू चाक घट्ट धरून होतास, मी शेजारी होतो, मी पाहिले आहे. कोणालाच तो सावरता आला नसता. प्रभा बसली होती त्या बाजूने आपण कठड्यावर आदळलो. रस्ताभर कणीक सांडली होती.

तपासनीसाने भार मागे होता असे लिहिले. सामान कोणी भरले म्हणून पोलिसांनी विचारले, तेव्हा तू ‘मी’ म्हणालास. इस्पितळात माझ्या खाटेजवळ बसून तू मला जर्मनमध्ये विचारलेस, पट्टे मी नीट आवळले नव्हते का? मी डोळे मिटले. तू ते उत्तर समजलास. कोर्टाने तुझ्या निष्काळजीपणाबद्दल तुला शिक्षा म्हणून दंड केला, तेव्हाही मी शेजारी बसलो होतो. पहिल्या दिवशी धीर झाला नाही. पुढे, इतके दिवस का बोललो नाही हे सांगण्याची लाज वाटू लागली.

तू रचलेल्या पिशव्या जागच्या हलणाऱ्या नव्हत्या. मी पट्टे सोडताना मला जोर लावावा लागला होता. तुझ्या हातून तुझी आई गेली नाही. माझ्या हातून गेली.

६. प्रभाची बहीण वासंती, राहणार पुणे, हिला कलम ५ची नक्कल पाठवावी. प्रभाच्या चौदाव्याला तिने भरल्या घरात सत्यजितला, ‘पोरा, तूच रे घालवलीस तिला,’ असे ऐकवले. मी पानावरून उठलो नाही, जेवत राहिलो. तिने त्याची माफी मागावी. तिच्यावर मी सात वर्षे राग धरला. तो धरण्याचा अधिकार मला नव्हता.

७. पुरवणी, त्याच दिवशी सायंकाळी पाच वाजता.

पद्माकरने वरचा मजकूर दोनदा वाचला आणि पेन टेबलावर ठेवले. “हे तू मेल्यावर त्याने वाचायचं? मग मी साक्षीदार नाही, वासू. आधी फोन लाव.” सरिताने फोन आणून माझ्यापुढे ठेवला.

मी सत्यजितला कलम ५ जसेच्या तसे वाचून दाखवले, कारण तोंडी सांगितले असते तर मी कुठेतरी मऊ केले असते.

“उंड आई?” संपल्यावर त्याने विचारले, म्हणजे ‘आणि आई?’. “आई काही बोलली होती?”

वरच्या कलमात हे मी लिहिले नव्हते. पद्माकरलाही सांगितले नव्हते. मी सांगितले की आई वोनवागनच्या दारात उभी होती. ती म्हणाली, “अहो, तिथे नका ठेवू. सत्यजितला येऊ दे, त्याला विचारा.”

“उंड डू?” त्याने जर्मनमध्येच विचारले, आणि तू?

मी तिला म्हणालो होतो, इंजिनियर मी आहे की तो?

त्याने फोन ठेवला. मी पुन्हा लावला नाही.

८. इथल्या कायद्याने वारसा नाकारायला सहा आठवडे मिळतात. सत्यजितने माझे घर, पैसे, जे काही आहे ते नाकारले तर पद्माकर, सरिता किंवा पुण्याहून कोणीही त्याची समजूत घालायला जाऊ नये.

वरील मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला आणि आता त्यात काही लपवलेले नाही.

(सही) वासुदेव महादेव रिसबूड

साक्षीदार, फोन झाल्यानंतर सही केली:
(सही) पद्माकर गोविंद टिळेकर
(सही) सरिता पद्माकर टिळेकर

न्युरेम्बर्ग, शनिवार, १३ सप्टेंबर २००८